नोंदीचे आयुष्य

सरकारी दप्तरात प्रत्येक कागदाचे आयुष्य ठरलेले असते. ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क-1’ 10, ‘क’ 5 आणि ‘ड’ 1 वर्ष. संगणकातील आपोआप पुसण्याची सोय याच तत्त्वावर चालते. नोंदीला वर्ग आणि तारीख जोडली, की आज्ञावली ठरल्या वेळी मुदत संपलेल्या नोंदी पुसते. गठ्ठा उघडून पाहत नाही. म्हणून खरा निर्णय वर्ग ठरवतानाच होतो.

2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो : हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसेल, तर माहिती पुसा. 2025च्या नियमांत 2 कोटी वा अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-विक्री कंपन्यांसाठी 3 वर्षांची मुदत आहे. पुसण्याच्या 48 तास आधी ग्राहकाला कळवायचे. हे योग्यच. कंपनीकडे पडून राहिलेला आपला पत्ता कधी कुणाच्या हाती लागेल, सांगता येत नाही.

पण मी नवीन जालन्यात राहतो. 2023मध्ये याच जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्या. संदीप शिंदे समितीने जुन्या उर्दू-मोडी दप्तरांतून कुणबी नोंदी शोधल्या. त्या लिहिणाऱ्यांच्या मनात आरक्षण नव्हते. ‘हेतू संपला’ हा निकष त्यांना लावला असता, तर शोधायला काही उरलेच नसते. सरकारी दप्तर संगणकात जाताना वर्ग ठरवायला म्हणूनच इतिहासाचा जाणकारही बसवावा.