एक स्थानक, अनेक नावे

मुंबईत एक भव्य दगडी रेल्वे स्थानक आहे. रोज लाखो माणसे तेथून ये-जा करतात. कोणी त्याला 'सीएसएमटी' म्हणतो, तर कोणी 'व्हीटी'. जुनी माणसे 'बोरीबंदर' म्हणतात. एकाच स्थानकाला इतकी नावे कशी पडली?

पूर्वी या भागाला बोरीबंदर म्हणत. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी येथून ठाण्याला गेली. गाडीला चौदा डबे होते. त्यांत सुमारे चारशे प्रवासी बसले होते. गाडी ओढायला तीन इंजिने होती. त्यांची नावे होती साहिब, सिंध आणि सुलतान.

पुढे रेल्वे वाढली. बोरीबंदरचे लहान स्थानक अपुरे पडू लागले. म्हणून १८७८ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. तिचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी तयार केला. काम पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. इंग्लंडच्या राणीवरून तिला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' हे नाव मिळाले.

नाव राणीचे असले, तरी इमारत अनेकांच्या कष्टांतून उभी राहिली. भारतीय कारागिरांनी दगड घडवले. जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी नक्षीकामाला हातभार लावला. भिंतींवर पाने, फुले, पशू आणि पक्षी कोरलेले आहेत. प्रवेशद्वारावर एका बाजूला सिंह व दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह ब्रिटनचे आणि वाघ भारताचे प्रतीक आहे. घुमटावर प्रगतीची मूर्ती उभी आहे. तिच्या एका हातात मशाल व दुसऱ्या हातात चाक आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेवर चालणारी आगगाडी येथूनच कुर्ल्याला गेली. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव देण्यात आले. २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. २००४ साली युनेस्कोने या इमारतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

या स्थानकाने दुःखही पाहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवाद्यांनी येथे गोळीबार केला. पन्नासहून अधिक निरपराध माणसांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईकर पुन्हा याच फलाटांवर आले.

हा वारसा आपल्या सर्वांचा आहे. कोरीव दगडावर नाव खरडणे किंवा भिंतीवर थुंकणे म्हणजे त्या कारागिरांच्या कष्टांचा अपमान करणे होय. तुम्ही तेथे गेलात, तर गाडीची घाई असली तरी घडीभर थांबा आणि मान वर करून घुमटाकडे पाहा.

स्वाध्याय

१. पहिल्या गाडीच्या इंजिनांची नावे लिहा.
२. प्रवेशद्वारावरील सिंह व वाघ कशाचे प्रतीक आहेत?
३. तुमच्या गावातील एका जुन्या इमारतीविषयी पाच वाक्ये लिहा.