गोळ्या घरी, डॉक्टर फोनवर

इंग्लंडमध्ये गर्भपाताचा कायदा १९६७चा. तेव्हा गर्भपात म्हणजे शस्त्रक्रिया, म्हणून तो मंजूर केलेल्या जागीच व्हावा आणि दोन डॉक्टरांनी संमती द्यावी, असे ठरले. पुढे गोळ्या आल्या, पण जागेची अट तशीच राहिली. मिफेप्रिस्टोन ही पहिली गोळी गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव सुरू होतो. ही दुसरी गोळीही क्लिनिकमध्येच घ्यायची सक्ती होती. परिणामी काही जणींना कळा आणि रक्तस्राव घरी परततानाच, बसमध्ये सुरू होत असे. यात कुणाची सुरक्षा साधली जात होती, कोण जाणे!

२०१८ अखेर दुसरी गोळी घरी घ्यायची मुभा मिळाली. खरा बदल घडवला तो करोनाने. ३० मार्च २०२० रोजी सरकारने दहा आठवड्यांच्या आतील गर्भासाठी फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला घेऊन दोन्ही गोळ्या घरी घेण्यास तात्पुरती परवानगी दिली. गोळ्या टपालानेही येऊ लागल्या.

दोन शंका होत्या. सोनोग्राफीशिवाय दिवस चुकले तर? गर्भ नळीत असला तर? २०२०च्या पहिल्या सहामाहीतील इंग्लंड व वेल्समधील ५२ हजारांहून अधिक गर्भपातांच्या अभ्यासात प्रतीक्षा सरासरी चार दिवसांनी घटलेली दिसली, यशाचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वरच राहिले आणि गंभीर गुंतागुंत दोन्ही पद्धतींत दहा हजारांत चारहून अधिक नव्हती. शेवटच्या पाळीची तारीख नक्की नसेल किंवा नळीतील गर्भाची लक्षणे असतील तर सोनोग्राफी केली जाईच. घरात कुणाच्या दडपणाखाली एखादी बोलत असेल तर ते फोनवर कसे ओळखायचे, हा आक्षेप मात्र आकड्यांनी पुरता मिटत नाही.

तरीही फेब्रुवारी २०२२मध्ये सरकारने सवलत ऑगस्टअखेर बंद करायचे जाहीर केले. खासदारांनी ३० मार्चला २१५ विरुद्ध १८८ मतांनी ते उलटवले आणि ही सोय कायमची झाली.

आपल्याकडे २०२१च्या सुधारित नियमांनुसार नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात करता येतो, पण पात्र नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्यानेच. प्रत्यक्षात २०१५च्या अंदाजानुसार भारतातील सुमारे १.५६ कोटी गर्भपातांपैकी ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले. म्हणजे गोळी घरी आधीच पोहोचली आहे. फोनच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर नाही. अशा वेळी काही खुणा घरात ठाऊक हव्यात: सलग दोन तास दर तासाला दोन मोठे पॅड भिजणे, एका बाजूला तीव्र पोटदुखी, खांद्यात कळ, चक्कर, दुसऱ्या दिवशीही न उतरणारा ताप. यातले काहीही दिसले, तर गोळी कुठून आणली हे सांगायला न लाजता थेट रुग्णालय गाठावे.