हलगी, फंक आणि हिप-हॉप : पाय थिरकतात ते कशामुळे?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात मिरवणुकीला हलगीही लागते आणि डीजेही. दोन्हींवर पोरं सारख्याच जोशात नाचतात. असं का होतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात हलगीपासून. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात. ओलाव्याने सैल पडलेलं कातडं त्यामुळे ताणलं जातं आणि आवाज कडक निघतो. वादकाच्या एका हातात जाड टिपरी असते, दुसऱ्या हातात लांब, बारीक काडी. टिपरी ठळक ठोका देते, काडी मधल्या जागा भरते. ठोक्यावर पाऊल पडतं, मधल्या भरीवर खांदे हलतात.

अमेरिकेत 1960च्या दशकात जेम्स ब्राउनने फंक घडवलं तेही याच तत्त्वावर. चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर सगळी वाद्यं एकदम जोर देतात, आपल्याकडे समेवर येतात तशी. उरलेल्या मात्रांत बास, गिटार आणि ड्रम छोटे-छोटे तुकडे एकमेकांत गुंफतात.

पुढची पायरी हिप-हॉपची, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली. 11 ऑगस्ट 1973 रोजी बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावणाऱ्या डीजे कूल हर्कने एक गोष्ट हेरली होती : गाणं थांबून नुसता ड्रम वाजतो, त्या 'ब्रेक'साठी नाचणारे टपून बसतात. म्हणून पुढे तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर लावू लागला. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू! काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबला. त्यावर ब्रेकिंग हा नाच वाढला आणि 2024च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

कॅलिफोर्नियात फंकवरच पॉपिंग रुजलं : ठोक्यासरशी स्नायू झटक्यात आवळून सोडायचा. म्हैसूरमध्ये जन्मलेल्या नर्तक प्रभुदेवाच्या 1994च्या 'मुकाबला' गाण्यामध्ये या शैलीची छाप स्पष्ट दिसते.

नाचासारखंच हिप-हॉपचं दुसरं अंग म्हणजे रॅप; त्यात शब्दच ताल धरतात. डफावर झरझर कथा सांगणारा शाहीर ऐकलेल्या मराठी कानाला हे परकं नाही. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, चंदन शेट्टी कन्नडमध्ये. सीमाभागातल्या मुलांना दोन्ही भाषा कळतात, ही त्यांची मोठी शिदोरी आहे.

करून पाहायचं असेल तर हलगी मोबाइलवर रेकॉर्ड करा. ठळक ठोक्यापासून नेमकं एक आवर्तन कापा, ते पुन्हापुन्हा वाजवा आणि त्यावर बोला. कापताना थोडी जरी चूक झाली, तरी पाय अडखळतील.

मात्र वादकाचं नाव आणि मानधन विसरू नका. जेम्स ब्राउनच्या 1970च्या 'फंकी ड्रमर' गाण्यातला ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचा ब्रेक असंख्य हिप-हॉप गाण्यांत वापरला गेला, पण गाण्याचे हक्क ब्राउनकडे असल्याने वाजवणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडलं नाही. आपल्या हलगीवाल्यावर ती वेळ येऊ देऊ नये.