गीताईची पहिली वाचक

आमच्या खांबहून महामार्गाने नागोठणे मागे टाकत पेण गाठायचे आणि खोपोलीच्या रस्त्याला लागायचे, की गागोदे जवळ येते. विनोबांचे जन्मगाव. भूदान, पवनार, आणीबाणी यांवर लिहून लिहून लोक थकले. मला कित्येक वर्षे कुतूहल आहे ते त्यांच्या आईचे, रुक्मिणीबाईंचे. वाचकाने लेखकाला सरळ काम सांगितले आणि ते त्याच्याकडून झाले, याचे इतके ठसठशीत उदाहरण मला मराठीत दुसरे सापडलेले नाही.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा. वडील बडोद्याला नोकरीत, पुढे सारे बिऱ्हाडच तिकडे हलले. तिथे हा मुलगा कविता करायचा. एकेका कवितेवर तासन्‌तास खर्ची घालायचा आणि मनासारखी उतरली की अग्नीत टाकायचा. १९१६ साली घर सोडून काशीला गेला, तेव्हा अग्नीची जागा गंगेने घेतली. याला वैराग्य म्हणायची पद्धत आहे. मला त्यात तरुणपणाचा थोडा ताठाही दिसतो. वाचक नकोच, असा हा कवी.

त्याच्या आईला मात्र वाचायचे होते. बडोद्यात गीतेवरचे प्रवचन ऐकताना संस्कृत कळेना, म्हणून तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य भाषांतर आणून दिले. तिला पद्य हवे होते. मग वामनपंडितांची समश्लोकी आली. पंडित म्हणजे सतराव्या शतकातले बडे प्रस्थ, ‘यथार्थदीपिके’च्या बावीस हजारांवर ओव्या लिहिणारे. बाईंनी तीही जड म्हणून बाजूला ठेवली आणि मुलाला सांगितले, तूच का करत नाहीस? मराठीतल्या कुठल्याही समीक्षकाने वामनपंडितांचा निकाल इतक्या थोडक्यात लावलेला नसेल!

२४ ऑक्टोबर १९१८ला त्या गेल्या. त्यांनी मागितलेली मराठी गीता, म्हणजे ‘गीताई’, सुरू झाली ७ ऑक्टोबर १९३०ला, पुरी झाली ६ फेब्रुवारी १९३१ला. सातशे श्लोक, चार महिने. जिच्यासाठी लिहायचे ती जाऊन बारा वर्षे झाली होती. म्हणून विनोबांनी ती आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिली आणि त्या जिथे अडल्या तिथे शब्द बदलले. कविता जाळणारा माणूस लहान मुलींच्या अडखळण्यावर आपली ओळ फिरवू लागला, हा बदल मला भूदानाइतकाच मोठा वाटतो.

१९३२ साली पुस्तक निघाले तेव्हा ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक, अशी अठरा गीता-प्रवचने झाली. साने गुरुजी ती उतरवून घेत होते. पुढच्याच फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्यांची आई १९१७ सालीच गेलेली. कोकणातल्या या दोन मुलांची ही पुस्तके घरोघर गेली, पण दोघांच्याही आयांना ती पाहायला मिळाली नाहीत.

‘गीताई’ खरोखर सोपी आहे का? माझ्या मते सगळीकडे नाही. श्लोकाला श्लोक बसवायचा म्हणजे शब्द आवळावे लागतात. पुढे ‘गीताई-शब्दार्थ-कोश’ काढावा लागला, यातच काय ते आले. रुक्मिणीबाई असत्या तर दोन-चार अध्यायांनंतर पुन्हा तक्रार घेऊन आल्या असत्या, आणि ती ऐकायला मला फार आवडले असते.

पण त्यांची तक्रारसुद्धा आपल्याला कळते ती मुलाच्या तोंडून. त्यांच्या हातची चिठ्ठी नाही, खुणा केलेली प्रत नाही. लेखकांची हस्तलिखिते आपण जपतो, वाचकांच्या प्रती रद्दीत जातात. तेव्हा पेण-रोह्याकडच्या मंडळींना विनंती : माळ्यावर आजीची ‘गीताई’ असेल, समासात तिच्या पेन्सिलीच्या रेघा असतील, तर ती टाकू नका. जवळच्या वाचनालयात द्या, आणि आजीचे नाव, गाव आत लिहून द्या.