अद्ययावत झाला आणि आजारी पडला!

‘अपडेट’ला मराठीत आपण ‘अद्ययावत’ म्हणतो. ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत. शब्द मोठा गोमटा आहे! परंतु रात्री चार्जरला लावलेला धडधाकट फोन सकाळी अद्ययावत होऊन उठावा आणि दुपारच्या आत त्याने मान टाकावी, ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. कोणाची बॅटरी भराभर उतरते, कोणाचा फोन तव्यासारखा तापतो, तर कोणाचे वाय-फाय रुसून बसते. मग नवाच फोन घ्यावयाचा की काय, या विचाराने ऐन दिवाळीत खर्चाचे सारे गणित विस्कटते.

ही तक्रार म्हणजे केवळ मनाचे खेळ नव्हेत. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ॲपल कंपनीने आयओएस ८.०.१ ही सुधारणा धाडली आणि कित्येक नव्याकोऱ्या आयफोन ६ वर नेटवर्कच येईना! सुमारे तासाभरात ती मागे घ्यावी लागली. तो झाला गलथानपणा. पुढचे प्रकरण अधिक खोल आहे. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी झाली, की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली, की व्होल्टेज कोसळते आणि फोन बंद पडतो. जानेवारी २०१७ मधील १०.२.१ या आवृत्तीने त्यावर तोड काढली ती प्रोसेसरचा वेग कमी करून. औषध शास्त्रशुद्ध असेलही. पण ते रोग्याला नीट न सांगता पाजले गेले! डिसेंबर २०१७ मध्ये जॉन पूल यांनी वेगाची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा कंपनीने कबुली दिली, क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. इटलीने २०१८ साली अशा अपडेटांबद्दल ॲपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लक्ष युरो दंड केला. फ्रान्सने २०२० साली ॲपलकडून अडीच कोटी युरो वसूल केले.

तेव्हा आपला फोन बिघडला तर करावे काय? प्रथम धीर धरावा. अपडेटनंतर फोन आतल्या आत फोटोंची व ॲपची नव्याने मांडामांड करीत असतो. एखाददुसरा दिवस तो तापला, तर घाबरू नये. त्यानंतरही गुण नसेल, तर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, जागा मोकळी करावी, सर्व ॲप अद्ययावत करावीत. वाय-फाय रुसले असेल, तर नेटवर्क सेटिंग ‘रीसेट’ करावे. साठवलेले पासवर्ड मात्र पुन्हा घालावे लागतील. अँड्रॉइड फोन ‘सेफ मोड’मध्ये नीट चालला, तर चोर बहुधा बाहेरून घेतलेले एखादे ॲपच, असे समजावे. आयफोनमध्ये मार्च २०१८ पासून बॅटरीची प्रकृती पाहण्याची सोय आहे. ती खालावली असेल, तर बॅटरी बदलून पाहावी. नव्या फोनापेक्षा ती पुष्कळच स्वस्त पडते.

अगदी शेवटचा उपाय ‘फॅक्टरी रीसेट’. हा उपाय म्हणजे घर धुऊन काढणे नव्हे, घर रिकामे करणे होय! दिवंगत वडिलांच्या आवाजातील निरोप, नातीचे पहिले पाऊल, सारे एका क्षणात नाहीसे होते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा, तो उघडून पाहावा आणि मगच बटण दाबावे. खरे तर प्रत्येक अपडेटपूर्वीच हा नेम पाळावा.

आणि म्हणून अपडेटच नको, असेही म्हणू नये. चोरवाटा बुजविणारी कुलुपे त्यांतूनच येतात; ती नाकारणे म्हणजे दार सताड उघडे टाकून निजणे. मात्र पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत कोणी हात घालणार असेल, तर काय बदलले हे साध्या भाषेत कळण्याचा धन्याला हक्क आहे. इटली आणि फ्रान्समधील दंडांचा अर्थ एवढाच!