कारलं आणि शुगर: गिऱ्हाइकाला काय सांगायचं?



पुण्यातल्या आठवडे बाजारात आपल्या स्टॉलवर कारलं घेताना हमखास प्रश्न येतो, "शुगरला चालतं ना? मग गोळी बंद करू का?" चार किलो जास्त खपतंय म्हणून 'हो' म्हणू नका.

कारलं शुगरवाल्यांना चालतं, भाजी म्हणून. १०० ग्रॅममध्ये जेमतेम २० कॅलरी, तंतू आणि क जीवनसत्त्व भरपूर. त्यात साखर उतरवणारे काही घटक आहेत हेही खरं. पण २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ४७९ रुग्णांवरच्या चार चाचण्या तपासल्या, तेव्हा औषधाची जागा घेईल असा पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

उलटा धोकाही आहे. गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर रोज ग्लासभर रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणे, डोळ्यापुढे अंधारी आली तर माणूस शुद्धीवर असताना लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. गरोदर ताईंनी रस घेऊच नये. पिकलेल्या फळातलं लाल बी लहान मुलांना देऊ नका.

आता भाजी. साल खरवडू नका, उकळून पाणीही फेकू नका, सत्त्व त्यातच जातं. पातळ चकत्या करा, मीठ-हळद लावून १५ मिनिटं ठेवा, हलकंसं पिळा. थोड्या तेलात जिरं, लसूण, कांदा परतून चकत्या टाका. झाकण न ठेवता मंद आचेवर कुरकुरीत होऊ द्या. शेवटी तिखट, आमसूल, शेंगदाण्याचं कूट. गूळ घालायची आपली सवय आहे, पण शुगरवाल्याच्या ताटात तो नको. (थोडा कडूपणा राहणारच, त्याशिवाय कारलं कसलं!)

हे फळ सालीसकट खाल्लं जातं, हे तोडणी करताना लक्षात ठेवा. फवारणीनंतर लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय तोडू नका. फळमाशीसाठी क्यू-ल्युरचे सापळे फुलोऱ्यापासूनच लावा, म्हणजे फवारण्या कमी लागतील. फळं कोवळी, बी कडक व्हायच्या आत तोडा. पिवळट पडलेली स्टॉलच्या क्रेटमध्ये भरू नका.