हात बसायला किती दिवस?

संगणकाच्या कामावर नव्याने लागलेला माणूस किती दिवसांत उपयोगी पडावा? पुण्या-मुंबईतल्या कंपन्या याचे उत्तर महिन्यांत देतात. मला ते मोखाडा तालुक्यातल्या आमले गावात शोधावेसे वाटते.

भातकापणी उरकून दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. अशा मुलखात मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी ‘कार्य’ या प्रकल्पातून गावकऱ्यांना मोबाइलवरचे काम दिले. पडद्यावर हस्ताक्षरातला शब्द दिसतो, तो वाचून टाइप करायचा. २०१९ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास दोनच आठवड्यांचा. त्यात मराठी-हिंदी वाचणारे ३२ जण होते. अशा कामाची फारशी सवय नसूनही त्यांची अचूकता व्यावसायिक संस्थेच्या तोडीची निघाली. पुढच्या वर्षी मराठी वाक्ये वाचून आवाज नोंदवण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ जणांनी १०९ तासांचे बोलणे दिले. त्यात विद्यापीठातले विद्यार्थीही होते. खेड्यातल्या आणि शहरी वस्तीतल्या गरीब माणसांचे काम त्यांच्यापेक्षा उणे ठरले नाही.

याचे कारण साधे आहे. मराठी वाचणे-बोलणे हेच इथले खरे कसब, आणि ते माणसे घरूनच घेऊन आली होती. शिकायचे होते ते बटण कुठले दाबायचे एवढेच.

उलटे उदाहरण राज्यभर घडले. ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन कमी क्षमतेचे, आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत. वर्षानुवर्षे बाळांची वजने घेऊन नोंदवह्या भरणारी बाई एका रात्रीत नवखी ठरली. कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत वजनाची नोंद अडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. हा उशीर सेविकेच्या खात्यावर कसा मांडायचा?

तरीही आमल्याचे कौतुक मला हातचे राखूनच करावेसे वाटते. जे काम दोन आठवड्यांत जमते ते तितक्याच लवकर संपतेही. कंपनी नवख्याला महिनोन्‌महिने शिकवते, कारण तो पुढे काही वर्षे तिला हवा असतो. शब्द टाइप करणाऱ्याची अशी वाट कोणी पाहत नाही, आणि पंधरा दिवसांच्या कमाईने वीटभट्टीची गाडी चुकत नाही. ‘कार्य’ आता स्वतंत्र संस्था आहे. नोंदवलेला आवाज पुन्हा विकला गेला, तर बोलणाऱ्यालाही त्यातला वाटा मिळावा अशी तिची पद्धत आहे. मला ती शिकण्याच्या वेगापेक्षा महत्त्वाची वाटते.